दारातल्या गाडीचा टायर बघितलात का?

(सामुदायिक रेडिओवरील ‘गटाच्या गोष्टी’ या कार्यक्रमात झालेलं भाषण)

बचत गटांतल्या सगळ्या मैत्रिणींना, मावश्यांना, काकींना नमस्कार. आणि घरात रेडिओ लागलाय म्हणून नाइलाजानं ऐकत बसलेल्या दादांनाही नमस्कार. खरं तर आज दादांनी जरा कान देऊन ऐकावं असाच विषय आहे.

मागच्या वेळी आपण हळदीच्या पावडरीच्या पॅकिंगबद्दल बोललो. आज बोलायचंय गाडीच्या टायरबद्दल. हसू नका बायांनो. आम्हीही हसलो होतो, आणि त्या हसण्याची किंमत आमच्या गटानं मोजली. तीच गोष्ट सांगायला आज आलोय.

आमचं गाव वाईजवळ, पसरणी घाटाच्या पायथ्याला. आमच्याकडची कितीतरी पोरं रोज घाट चढून पाचगणीला कामाला जातात. कुणी हॉटेलात, कुणी शाळेच्या मेसमध्ये, कुणी स्ट्रॉबेरीच्या पॅकिंगला. आमच्या गटातल्या एका काकींचा मुलगा असाच हॉटेलात कामाला आहे. त्यानं हप्त्यावर स्पोर्ट बाईक घेतली. पुढं वाकून बसायची, मागचा टायर हा एवढा रुंद, तसली. घेतली तेव्हा गावभर पेढे वाटले.

अकरा महिन्यांनी, मे महिन्यातल्या बैठकीत काकींनी अंतर्गत कर्जाची मागणी केली. साडेचार हजार रुपये. कशाला, तर पोराच्या गाडीचा मागचा टायर बदलायचाय. आम्ही सगळ्याजणी हसलो. एक वहिनी म्हणाल्या, “काकी, गाडीला वर्ष झालं नाही आणि टायर संपला? आमच्या ह्यांच्या गाडीचा टायर पाच वर्षं चाललाय!” दुसरीनं सांगितलं, “पोराला हौस आहे, तर हौसेचे पैसे पोरानंच घालावेत.” गटाचा पैसा खताला, दवाखान्याला, शाळेच्या फीला, असं आमचं ठरलेलं. टायर त्यात कुठंच बसेना. काकी गप्प बसल्या. अर्ज नामंजूर झाला आणि तसं वहीत लिहिलंही. ती वही अजून आमच्याकडे आहे.

जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस आला. त्या दिवशी काकींचा मुलगा बहिणीला मागं बसवून घाटातून खाली येत होता. तिची पाचगणीत नर्सिंगच्या प्रवेशाची चौकशी करायची होती, ती करून दोघं परतत होती. एका वळणावर समोरून जीप आली, त्यानं ब्रेक दाबला, आणि मागचं चाक लोण्यावरून सरकावं तसं बाजूला गेलं. दोघं पडली. त्याला खरचटलं. तिचं मनगट मोडलं, गळपट्टीच्या हाडालाही तडा गेला. देवाची कृपा, मागं गाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी गटाची तातडीची बैठक घेतली. दवाखान्यासाठी अठरा हजारांचं कर्ज पाच मिनिटांत मंजूर झालं. कुणी एक शब्द विचारला नाही. बैठक संपल्यावर काकी एवढंच म्हणाल्या, “टायरला साडेचार हजार मिळाले असते, तर हे अठरा मागायला आले नसते.” त्या रागानं बोलल्या नव्हत्या, म्हणूनच ते जास्त लागलं.

आता सगळा दोष टायरचा होता का? नाही. वेग होता, ओला रस्ता होता, वळणात ब्रेक दाबला गेला. पण नंतर गॅरेजवाल्या दादांनी ती गाडी आम्हाला दाखवली. मागच्या टायरचा मधला पट्टा पार गोटा झाला होता. त्यावरून हात फिरवला तर पाटावरवंट्यावरून फिरवल्यासारखा. त्या दिवशी आम्ही ठरवलं, ज्या गोष्टीला नाही म्हणतो ती निदान समजून घेऊन तरी नाही म्हणायचं.

शिकवायला माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही. घाटाच्या पायथ्याला आमच्या गटाचा चहा-नाश्त्याचा स्टॉल आहे. पिठलं-भाकरी, थालीपीठ, ताक. रविवारी सकाळी पुण्याकडून मोठ्या गाड्यांवरची मंडळी घाट चढायला येतात आणि आमच्याकडे थांबतात. इतके दिवस आम्ही त्यांना फक्त “ताक देऊ का?” एवढंच विचारायचो. मग विचारायला लागलो, “दादा, तुमचा टायर किती चालतो?” बायांनो, या माणसांना टायरबद्दल विचारलं की दुसरी भाकरी आपोआप मागतात. थांबतच नाहीत!

एक जण म्हणाला, “मागचा टायर नऊ हजार किलोमीटरला संपला, पण वळणात गाडी अशी चिकटून जाते की पैसे वसूल.” दुसरा म्हणाला, “माझा वीस हजार चालला, पण पावसात मला त्याचा भरवसा वाटत नाही.” तिसऱ्यानं दोघांनाही खोडलं, “तुम्ही हवाच नीट भरत नाही.” आणि पुण्याची एक ताई येते, स्वतः स्पोर्ट बाईक चालवते. तिनं हेल्मेट बाजूला ठेवलं, खाली बसली आणि तिच्या टायरला हात लावून आम्हाला एकेक गोष्ट दाखवली. त्या सगळ्यांचं ऐकून, आणि आमच्या गॅरेजवाल्या दादांकडून पडताळून, जे पक्कं कळलं ते आता सांगतो.

पहिली गोष्ट. एवढी मोठी गाडी, वर दोन माणसं, पण तिचं प्रत्येक चाक जमिनीला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढं. आपला हात उघडून बघा. पुढं एक तळहात, मागं एक तळहात. पोरगं घरी येणार की नाही, ते या दोन तळहातांवर असतं.

दुसरी गोष्ट. त्याच गावात एकाचा टायर पाच वर्षं आणि दुसऱ्याचा दहा महिने, असं का? शाळेतलं खोडरबर आठवा. मऊ खोडरबर छान खोडतं, पण लवकर झिजतं. कडक खोडरबर वर्षभर पुरतं, पण खोडताना कागद काळा करतं. टायरचंही तसंच आहे. रोजच्या वापराच्या साध्या गाडीला कडक रबर असतं, ते खूप चालतं. स्पोर्ट गाडीला मऊ रबर असतं. ते रस्ता घट्ट धरतं आणि झिजतंही लवकर. काही टायरमध्ये मधला पट्टा कडक आणि दोन्ही कडा मऊ असतात. म्हणजे सरळ रस्त्यावर झीज कमी आणि वळणात गाडी झुकली की पकड जास्त.

म्हणजे काकींचं पोरगं खोटं बोलत नव्हतं. हिशेब करून बघा. घर ते पाचगणी आणि परत, वर गावातल्या फेऱ्या, मिळून रोजचे 40 किलोमीटर. महिन्याचे 26 दिवस धरले तर 1,040 किलोमीटर. अकरा महिन्यांचे 11,440. त्या गाडीच्या मऊ टायरचं आयुष्य तेवढंच होतं. आमच्या वहिनींच्या घरची गाडी दिवसाला पाच-सहा किलोमीटर शेतावर जाते आणि येते. आम्ही वर्षं मोजली, किलोमीटर मोजले नाहीत. चूक तिथं झाली.

तिसरी गोष्ट, टायरवरची नक्षी. आम्हाला वाटायचं नक्षी शोभेला असते, नाहीतर काट्यासारखी रस्त्यात रुतते. तसं नाही. शेतात पाणी साचू नये म्हणून आपण चर काढतो ना? टायरवरच्या खाचा म्हणजे ते चर. ओल्या रस्त्यावरचं पाणी चाकाखालून बाहेर काढायचं काम त्यांचं. चर बुजला की पाणी तुंबतं, आणि रबर रस्त्याला टेकायच्या ऐवजी पाण्यावर तरंगतं. म्हणून शर्यतीच्या मैदानावर कोरड्यात बिननक्षीचे टायर चालतात, पण पाऊस आला की तेही लोक टायर बदलतात. झिजलेली चप्पल घालून शेवाळलेल्या धुण्याच्या दगडावर उभं राहायचं धाडस आपण करू का? गोटा टायर पावसात तेच करतो.

आणि मधला पट्टा झिजला, कडा तशाच राहिल्या, की गोल टायर चौकोनी होतो. सरळ जाताना कळत नाही. वळणात गाडी झुकवली की ती आधी झुकत नाही, मग एकदम पडल्यासारखी झुकते. आपला रस्ता घाटाचा, म्हणजे वळणावळणाचा. काकींच्या पोरानं नंतर सांगितलं, “आई, गाडी महिनाभर वळणात वेडंवाकडं करत होती. मला वाटलं रस्ताच खराब आहे.”

आता बघायचं कसं? यासाठी बीए लागत नाही. आम्ही बीए झालो, पण आम्हालाही हे माहीत नव्हतं. टायरच्या बाजूला, कडेजवळ, टी डब्ल्यू आय अशी तीन बारीक इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत वरच्या खाचेत बोट घाला. खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा लागेल. टायर नवा असताना तो खोल असतो. झिजत झिजत बाजूचं रबर आणि तो उंचवटा एका पातळीत आले, की टायर संपला. आपल्या देशाच्या नियमात दुचाकीच्या टायरची खाच 0.8 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. पण रविवारच्या त्या मंडळींचं म्हणणं असं, की पावसाळ्याच्या तोंडावर तेवढ्याची वाट बघू नये, थोडं आधीच बदलावं. खाच सगळीकडे बघा. कडेला नक्षी दिसते म्हणून फसू नका, मधला पट्टा बघा.

टायरचं वयही बघा. बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. समजा 2321 असेल, तर 2021 सालातल्या तेविसाव्या आठवड्यात टायर तयार झाला. रबर वयानंही कडक होतं, भेगाळतं. उन्हात उभ्या गाडीचं लवकर. नक्षी चांगली असली तरी बाजूला भेगा दिसल्या तर दाखवून घ्या. सांगायला लाज वाटते, पण हे शिकलो त्या दिवशी आम्ही आधी स्वतःची स्कूटर बघितली. ज्या स्कूटरवरून गटाचे पैसे बँकेत नेतो, तिचा पुढचा टायर आठ वर्षांचा निघाला. भेगा एवढ्या, की नखं शिरावीत.

पुढचा टायर मुद्दाम विसरला जातो. मोटारसायकलचा मागचा टायर आधी झिजतो, कारण इंजिनाचा जोर त्यावर येतो. पुढचा दिसायला चांगला राहतो. पण ब्रेक दाबला की सगळं वजन पुढं येतं. मागचं चाक सरकलं तर कधी कधी गाडी सावरता येते, पुढचं सरकलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून दोन्ही बघायचे.

मग हवा. ही तर फुकटची गोष्ट, आणि तिथंच आपण आळस करतो. हवा कमी असली की टायरच्या कडा झिजतात, टायर तापतो, गाडी जड चालते, पेट्रोल जास्त लागतं. हवा जास्त भरली की मधला पट्टा झिजतो आणि पकड कमी होते. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात असतं, पुष्कळदा गाडीवर कागदही चिकटवलेला असतो. आमच्या स्कूटरला पुढं 22, मागं 29, आणि मागं माणूस बसला तर 36. हवा भरणाऱ्याला नुसतं “भर” म्हणू नका, आकडा सांगा. आणि गाडी थंड असताना तपासा. लांबून आल्यावर टायर तापलेला असतो, आकडा खोटा दाखवतो.

नवा टायर घेताना काय बघायचं, तेही ऐका. गाडीला जो नंबर आहे तोच घ्या. 140/70-17 लिहिलं असेल तर रुंदी 140 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 70 टक्के, आणि चाक 17 इंची. पोरं म्हणतात, अजून रुंद बसवू, भारी दिसतं. पण रुंद टायर त्याच चाकात कोंबला की त्याचा आकार बिघडतो आणि वळणात त्रास होतो. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरतं त्या दिशेला हवा, बसवताना उभं राहून बघा. बिल घ्या. आणि स्वस्तातले जुने टायर घेताना सावध राहा. झिजलेल्या टायरवर पुन्हा खाचा कोरून विकणारेही असतात. खाच खोल दिसते, पण खाली रबर उरलेलंच नसतं.

नवा टायर बसवला म्हणून लगेच घाटात गाडी झुकवायची नाही. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवावं, म्हणजे तो थर घासून जातो. आणि धुतल्यावर टायर काळा चमकावा म्हणून पोरं जे तेलकट पॉलिश लावतात, ते दुचाकीच्या टायरला बिलकूल नको. आपण अंगणात तेल सांडलं तर राख टाकतो, आणि ही पोरं चाकाला तेल लावतात!

एक गैरसमज आमच्याही गावात आहे. “नव्या गाडीला एबीएस आहे, घसरत नाही.” ब्रेक जोरात दाबल्यावर चाक पूर्ण अडकू नये, हे एबीएसचं काम. ते चांगलंच आहे. पण पकड टायरचीच लागते. टायरच गोटा असेल तर एबीएस तरी कशाला धरणार?

आणि टायर कितीही चांगला असला तरी रस्ता ओळखावा लागतो. पहिल्या पावसाचा पहिला तास सगळ्यात वाईट. वर्षभराची धूळ आणि सांडलेलं तेल पाण्याबरोबर वर येतं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, ऊस गाळपाच्या दिवसांत ट्रॉलीच्या चाकांनी आणलेला चिखल, वळणावरची बारीक खडी, शेण, ओला पाला. तिथं ब्रेक आधीच, सरळ रस्त्यावर मारायचा. वळणात नाही. थंडीच्या सकाळी टायरही गार असतो, पहिली काही वळणं सावकाश. हे आम्हाला त्या वेगानं जाणाऱ्या मंडळींनीच सांगितलं बरं का. ती पुण्याची ताई म्हणाली, “मावशी, आम्हाला वेगाची हौस आहे, म्हणून टायर आम्ही रोज बघतो.” आमच्या पोरांनी तिची हौस उचलली, बघणं तेवढं राहून गेलं.

एक लहानशी माहिती सांगतो. हवेचा टायर ज्यानं वापरात रुळवला, त्या डनलप नावाच्या माणसाचा धंदा जनावरांच्या डॉक्टरचा होता. आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावी त्यानं आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचा टायर बसवला, आणि 1888 साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे एका बापानं तो टायर पोरासाठी बनवला. मग आईनं टायर बघितला तर त्यात नवल काय?

आता आमच्या गटानं काय केलं ते सांगतो. आम्ही तीन गोष्टी ठरवल्या.

एक. महिन्याच्या बैठकीला ज्या गाड्या येतात, त्यांचे टायर मंदिरासमोर तपासायचे. पहिल्याच वेळी चौदा गाड्या बघितल्या, त्यातल्या पाच गाड्यांचे टायर संपलेले निघाले. त्यात दूध घालायला जाणाऱ्या एका भाऊजींची गाडी होती, दोन्ही बाजूंना कॅन लावून रोज जाणारी. गटानं हवा तपासायचं छोटं मीटर घेतलं. ते आता गावात साखरेच्या वाटीसारखं घरोघर फिरतं.

दोन. टायर, ब्रेक, हेल्मेट यांच्यासाठी छोटं कर्ज मिळेल, असा ठराव केला. मर्यादा पाच हजार, फेड सहा महिन्यांत. पण अट अशी, की टायर घेतल्याचं बिल आणि त्यावरचे चार आकडे वहीत लिहायचे.

तीन. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी घेताना घरात फक्त हप्त्याचा हिशेब होतो. टायरचा कुणी धरत नाही. साडेचार हजाराचा टायर दहा हजार किलोमीटर चालला, तर एका किलोमीटरला 45 पैसे झाले. रोजच्या 40 किलोमीटरला 18 रुपये. म्हणजे दोन चहाचे पैसे. महिन्याला 468. ज्या घरात गाडीवर रोजगार आहे, तिथं एवढे पैसे डब्यात वेगळे टाकायचे. टायर संपेल तेव्हा पैसे हातात असतील, गटापुढं हात पसरायची वेळ येणार नाही. आणि हे पैसे निघत नसतील, तर पोरानं गाडी घेतानाच साधी गाडी घ्यावी. तिचा टायर स्वस्त आणि जास्त चालणारा. यात कमीपणा काही नाही.

ठराव लिहिताना एक वहिनी म्हणाल्या, “मे महिन्यातला तो नामंजूर अर्ज खोडून टाकूया का?” काकीच म्हणाल्या, “नको, राहू दे. पुढच्या बायांना कळेल.” म्हणून तो तसाच आहे. त्याच्या खाली तारीख घालून नवा ठराव लिहिलाय. काकींचं नाव पहिल्या कर्जदारांत आहे, साडेचार हजार. मुलीचं प्लॅस्टर निघालं. हात अजून पुरता वळत नाही, पण पोळ्या लाटते आणि नर्सिंगचा फॉर्मही तिनं स्वतःच्या हातानं भरला. भावाच्या मागं बसायच्या आधी ती आता खाली वाकून खाचेत बोट घालते. तो चिडतो, पण थांबतो.

तर मैत्रिणींनो, हे भाषण संपलं की एवढं एकच काम करा. तुळशीला दिवा लावायला अंगणात जाल तेव्हा दारात उभ्या असलेल्या गाडीपाशी थांबा. टायरवरून हात फिरवा. तो गुळगुळीत लागला, भेगा लागल्या, तर घरातल्या माणसाशी आजच बोला. आणि पुढच्या बैठकीत कुणी टायरसाठी पैसे मागितले, तर हसू नका. आधी विचारा, किलोमीटर किती झाले?

तुमच्या गटात कुणी असं काही केलं असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात सांगू. आता रजा घेतो. नमस्कार.